क्लच कडक झालाय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी निप्पल खोला

क्लच कडक झाला की गॅरेजच्या दारातच उत्तर मिळतं, "सेट गेला भाऊ." मिस्त्री पेडलवर एकदा पाय ठेवतो, मान हलवतो आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा आख्खा सेट कागदावर लिहून देतो. कधी कधी ते खरंही निघतं. पण ते तपासून सांगितलेलं नसतं, आणि तपासायला तासभर पुरतो. हा लेख त्या तासभरासाठी आहे.

मला हे महागात शिकावं लागलं. आईला दवाखान्यात दाखवायला पाचोऱ्याहून संभाजीनगरला निघालो होतो. चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागलो आणि वर रांग लागली. पहिला गिअर टाकायचा, दहा फूट जायचं, परत थांबायचं. क्लच आधीपासूनच जड होता, त्या दिवशी तो दगडासारखा झाला. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत डावा पाय मांडीपासून थरथरत होता. परत आल्यावर गाडी शहरातल्या एका गॅरेजला दिली. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, सेट बदलला, चार दिवसांनी गाडी दिली. पेडल दाबलं तर जवळजवळ तेवढंच कडक.

शेवटी चाळीसगावच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी वर घेतलीच नाही. बोनेट उघडलं, खाली वाकून एक छोटं निप्पल (ऑइलमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू) अर्धा आटा सैल केलं, मला पेडल दाबायला सांगितलं आणि दहा मिनिटांत वीतभर लांबीची एक रबरी नळी काढून माझ्या हातात दिली. बाहेरून धडधाकट. कापून बघितली तर आतलं रबर फुगून भोक सुईएवढं उरलेलं. ते म्हणाले, "भाऊ, आधी निप्पल खोल, मंग गिअरबॉक्सनं नाव ले." तेव्हापासून मी हे काम अंगणातच करतो, आणि नातेवाइकांच्या गाड्याही बघून देतो.

पायाचा जोर प्लेटपर्यंत कसा जातो

आधी तुमच्या गाडीला हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच आहे का ते बघा. मारुती ८०० आणि जुनी अल्टो यांना केबल असते. त्यांचं दुखणं वेगळं आणि इलाजही वेगळा. क्वालिस, इनोव्हा, स्कॉर्पिओ अशा गाड्यांना हायड्रॉलिक. ओळखायला सोपं आहे. ड्रायव्हरच्या पायासमोरच्या पत्र्यावर, बोनेटच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या मोठ्या सिलिंडरशेजारी एक बारका सिलिंडर आणि त्यातून निघालेला लोखंडी पाइप दिसला, की हायड्रॉलिक.

पेडल दाबलं की एक दांडी या सिलिंडरचा पिस्टन पुढे ढकलते. पुस्तकात याला मास्टर सिलिंडर म्हणतात, गॅरेजमध्ये 'क्लच अप्पर'. आतलं ब्रेक ऑइल पाइपातून आणि मग रबरी नळीतून खाली गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलिंडरला जातं, तो स्लेव्ह, म्हणजे 'लोअर'. लोअरचा पिस्टन बाहेर येऊन फोर्कला (दुतोंडी लोखंडी दांड्याला) ढकलतो, फोर्क आपल्या टेकूवर फिरून रिलीज बेअरिंगला पुढे नेतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पोलादी पाकळ्या दाबतं. पाकळ्या दबल्या की क्लच प्लेट मोकळी होते.

यातलं गणित एकदा समजून घ्या, पुढे कामाला येतं. समजा अप्परचा व्यास १६ मिलिमीटर आणि लोअरचा २० मिलिमीटर आहे. जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे साधारण दीडपट होतो. आता कोणी अप्पर बदलताना "बसतोय ना" म्हणून दुसऱ्या मॉडेलचा १९ मिलिमीटरचा टाकला, तर त्याच कामासाठी पायाला सुमारे ४० टक्के जास्त जोर लावावा लागेल. कुठेही काही बिघडलेलं नसताना पेडल कडक. म्हणून पार्ट घेताना जुन्यावर कोरलेला आकडा नव्याशी जुळवून बघायचाच.

आणखी एक. ब्रेकला बूस्टर असतो, म्हणून इंजिन बंद असताना ब्रेक कडक लागतो. कारच्या क्लचला सहसा अशी मदत नसते, त्यामुळे क्लचचं जवळपास सगळं तपासणं इंजिन बंद ठेवून करता येतं. तसंच करा.

गाडीला हात लावण्याआधी आठवा

कडकपणा कसा आला यावरून अर्धं निदान होतं. महिन्यामहिन्याने हळूहळू वाढत गेला असेल तर प्लेट झिजल्याचा संशय पक्का. प्लेट पातळ होत जाते तशा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या गिअरबॉक्सच्या बाजूला उठत जातात आणि त्या दाबायला जास्त जोर लागतो. एका दिवसात कडक झाला असेल तर काहीतरी तुटलंय, अडकलंय किंवा चुकीचं ऑइल पडलंय. पावसाळाभर गाडी उभी होती आणि मग कडक झाला, तर लोअरच्या आत गंज धरलाय असं धरून चला.

गाडी तापल्यावरच कडक होतो, ही आपल्याकडची खास तक्रार. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या पुढे जातो, आणि बोनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त. अशा वेळी दोन ठिकाणी बघायचं: रबरी नळी, आणि अप्परच्या दांडीला मोकळीक आहे का. मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलच्या डब्बीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि तापून फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही. ते तिथेच दाब धरून बसतं. पेडल वर आणि ताठ, शिवाय क्लच घसरायलाही लागतो.

आणि नुकतंच कोणी काम केलं असेल तर त्या कामापासूनच सुरुवात करा: नळीला पीळ पडलाय का, पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा आहे का, डब्बीत कोणतं ऑइल ओतलं.

आता गाडीत बसा आणि एक साधी गोष्ट करा, जी मला त्या मिस्त्रींनी शिकवली. पेडल आधी अगदी सावकाश दाबा, तीन-चार सेकंद घेऊन. मग एकदम झटक्यात दाबा. सावकाश दाबताना हलकं आणि झटक्यात दाबताना कडक लागलं, तर ऑइलची वाट कुठेतरी अरुंद झालीय: नळी, किंवा काही गाड्यांच्या पाइपात असतो तो छोटा व्हॉल्व्ह. दोन्ही वेळेला सारखंच कडक लागलं तर दोष लोखंडात आहे, म्हणजे पेडल, पिस्टन, फोर्क, बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट. पायाला हा फरक कळायला पाच-सहा वेळा करून बघावं लागतं, पण एकदा कळला की विसरत नाही. त्याच मॉडेलची दुसरी गाडी गल्लीत असेल तर मालकाला सांगून तिचंही पेडल दाबून बघा. तुमच्या मॉडेलचं पेडल मुळातच जड असू शकतं.

सामान

१० आणि ११ नंबरचे रिंग पाने (निप्पलला बहुधा यातला एक लागतो), १२, १४, पक्कड, टॉर्च, निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक प्लास्टिकची नळी, एक रिकामी बाटली, मोठी सिरिंज, चिंध्या, आणि ब्रेक ऑइलची नवी सीलबंद बाटली. डीओटी ३ की डीओटी ४ हे डब्बीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. अर्धी वापरून वर्षभर फडताळात ठेवलेली बाटली घेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डीओटी ३ उकळायला २०५ अंश लागतात, पाणी मुरलं की ते १४० वर येतं. आणि त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतो.

ब्रेक ऑइल रंगाला खातं. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. डोळ्यात उडू देऊ नका, चष्मा लावा.

गाडी वर घ्यायची असेल तर एक कळकळीची विनंती. आपल्या अंगणात, खळ्यात काळी माती. वरून कडक दिसते, पण एखादा पाऊस पडून गेला असेल तर जॅक हळूहळू खाली बसतो, तो बसतोय हे कळतही नाही. जॅकखाली जाड फळी टाका, दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका. शक्य असेल तर हे काम सिमेंटच्या ओट्यावरच करा.

पहिली पायरी: पेडल

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून बाजूला टाका. वाकून पेडलच्या वरच्या टोकाशी टॉर्च मारा. तिथे एक स्प्रिंग दिसेल, काही गाड्यांत ती पायाला मदत करणारी असते. ती तुटली किंवा निखळली की पेडल एका दिवसात कडक होतं, आणि गॅरेजवाले बहुधा तिकडे बघतही नाहीत.

मग अप्परची दांडी पेडलला जोडणारी पिन काढा. तिला लहान लॉक असतं, ते हरवू नका. आता पेडल हाताने हलवा. स्प्रिंगचा ताण सोडला तर ते झोक्यासारखं हललं पाहिजे. कर्रकर्र आवाज येतोय, मध्येच अडतंय, तर पेडलचं बुश वाळलंय किंवा झिजलंय. आपल्याकडची धूळ, त्यात बुटांना लागून आलेली माती, सगळी तिथेच जाऊन बसते. बुश काढून पुसा, खराब असेल तर नवा टाका, ग्रीस लावा. दोष इथेच सापडला तर तुमचं काम चहा गार होण्याआधी संपलं.

पिन परत लावताना दांडीची मोकळीक बघा. पेडलच्या टोकाला बोटाने हलकेच दाबलं तर खरा जोर लागण्याआधी ते थोडं मोकळं हललं पाहिजे. बहुतेक गाड्यांत ही मोकळीक ५ ते १५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. मोकळीक अजिबात नसेल तर दांडीवरचा नट सैल करून दांडी फिरवा, आणि नट परत घट्ट करा.

दुसरी पायरी: डब्बी

झाकण काढण्याआधी ते बाहेरून पुसून घ्या, धूळ आत जाऊ देऊ नका. आतलं ऑइल मधाच्या रंगाचं हवं. चहासारखं तपकिरी असेल तर जुनं झालंय. काळं आणि गढूळ असेल तर आतलं रबर झिजून त्यात उतरतंय.

झाकणाच्या आतलं रबर काढून बघा आणि परत बसवा. ते फुगलेलं, लिबलिबीत आहे, आपल्या खाचेत मावतच नाही, असं असेल तर तिथेच थांबा. कोणीतरी डब्बीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलंय. पेट्रोल पंपावर, रस्त्यावरच्या टपरीवर, चांगल्या मनाने केलेल्या 'टॉप अप'मध्ये हे होतं. खनिज तेलाने या सिलिंडरांमधली रबरं फुगतात आणि पिस्टन जागच्या जागी आवळला जातो. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डब्बीतून ऑइल घेतात, म्हणजे तेच तेल ब्रेकमध्येही गेलेलं असणार. अशी गाडी चालवू नका, ओढून न्या. दोन्हीकडची सगळी रबरं बदलून पाइप धुऊन घ्यावे लागतील. खर्च मोठा आहे, पण यात काटकसर करू नये, ब्रेकचा प्रश्न आहे.

तिसरी पायरी: निप्पल

आता मुख्य तपासणी. लोअर सिलिंडर शोधा. गिअरबॉक्सच्या बाजूला, दोन बोल्टांवर बसलेला, रबरी नळी जोडलेला छोटा सिलिंडर. त्यावर वर तोंड करून एक निप्पल असतं, बहुधा रबरी टोपी घातलेलं. ते माखलेलं असेल तर आधी ब्रशने साफ करा. पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा.

एकाला पेडलवर बसवा. माझ्याकडे भाचा बसतो. त्याला सांगितलेलं आहे, मी म्हणेन तेवढंच करायचं.

निप्पल अर्धा आटा खोला आणि पेडल सावकाश दाबायला सांगा. एकच गोष्ट विचारा: "हलकं गेलं का?"

हलकं गेलं आणि बाटलीत ऑइलची चांगली धार आली, तर अप्पर, पाइप आणि नळी या तिघांचा दोष नाही. दोष लोअरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. निप्पल उघडं असूनही पेडल कडकच आहे, किंवा धार न येता थेंबथेंब येतंय, तर दोष वरच्या अर्ध्यात आहे. मग गिअरबॉक्सला हात लावायचं काहीही कारण नाही. एका पान्याने आणि एका पायाने तुम्ही आख्खी यंत्रणा दोन तुकड्यांत वाटली. माझ्या गाडीला हे आधीच कोणी केलं असतं तर सेटचे आणि मजुरीचे पैसे वाचले असते.

पेडल खाली असतानाच निप्पल बंद करा, नाहीतर वर येताना हवा ओढली जाईल. पेडल खालीच राहिलं तर घाबरू नका, हाताने वर उचला.

वरच्या अर्ध्यात दोष असेल तर

नळी लोखंडी पाइपापासून सोडवा, खाली चिंधी धरा. पेडल दाबा. आता हलकं जातंय तर नळी खराब. अजून कडक आहे तर पाइप अप्परपासून सोडवा आणि परत दाबा. तरीही कडक, म्हणजे अप्परच. प्रत्येक जोड एकेक करून सुटत जातो तसा दोषाला लपायला जागा उरत नाही.

नळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती दहा वर्षं जुनी असेल तर तपासत बसू नका, बदला. सेटच्या मानाने ती अगदी स्वस्त आहे. नवी बसवताना तांब्याचे वॉशर नवे टाका, नळीला पीळ पडू देऊ नका आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून तिला लांब ठेवा.

अप्पर उघडून आत बघायचा असेल तर बघा, पण बहुतेक वेळा मी तो पूर्ण नवाच घ्यायला सांगतो. अप्परमध्ये रबर फुगलं असेल तर ते का फुगलं याचं उत्तर आधी शोधा, नाहीतर नवाही सहा महिन्यांत तसाच होईल.

खालच्या अर्ध्यात दोष असेल तर

डब्बीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या. लोअरचे दोन बोल्ट काढा आणि नळी न सोडता तो बाहेर लोंबकळू द्या. आता पेडलला कोणीही हात लावायचा नाही! लोअर बाहेर असताना पेडल दाबलं तर पिस्टन उडून बाहेर पडतो. शक्य असेल तर गाडीला कुलूप लावून चावी खिशात ठेवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

लोअरची दांडी अंगठ्याने हळूहळू आत दाबा. ती एकसारखी आत जायला हवी आणि डब्बीतली पातळी वर चढायला हवी. धक्क्याधक्क्याने, अडखळत गेली तर आत गंज आहे. एकसारखी पण फार सावकाश गेली, तर निप्पल सैल करून परत दाबा. लगेच हलकी झाली तर नळीवर परत संशय घ्या.

रबरी टोपी मागे सरकवा. आत ओलं असेल तर सील गेलंय. पिस्टन बाहेर काढून भिंतीवरून बोटाचं टोक फिरवा. नुसता तपकिरी थर असेल तर तो ब्रेक ऑइल लावलेल्या चिंधीने निघतो. तो निघाला आणि भिंत आरशासारखी झाली, तर वॉशर किट (नव्या रबरी सीलचा संच) टाकून काम होतं. पण नखाला खड्डे लागत असतील तर किटमध्ये पैसे घालू नका, पूर्ण लोअर घ्या. खड्ड्यांवर नवं रबर महिनाभरात फाटतं. पॉलिश पेपरने घासून खड्डे काढणारे पाहिलेत. भोक मोठं होतं आणि गळती कायमची मागे लागते.

किट बसवताना पेट्रोल-डिझेलने काहीही धुवू नका, ब्रेक ऑइलनेच धुवा. सीलची कड ऑइलच्या बाजूला, म्हणजे आत. सीलला ब्रेक ऑइल लावून सरकवा. साधं ग्रीस लावलं तर तीच रबर फुगण्याची गोष्ट.

लोअर ठीक निघाला तर फोर्क हाताने हलवा. थोडासा मोकळा हलून तो पाकळ्यांना टेकला की घट्ट थांबायला हवा. टॉमीने (लोखंडी दांड्याने) हलकेच दाबल्यावर किरकिरतोय, दगडावरून घासल्यासारखा जातोय, सोडल्यावर परत येत नाही, तर बेअरिंग ज्या नळकांड्यावर सरकतं ते वाळलंय किंवा फोर्कचा टेकू झिजलाय. फोर्क स्वच्छ हलतोय पण जोर खूपच लागतोय, आणि कडकपणा हळूहळू वाढत आलेला होता, तर आता म्हणा की सेट गेला.

काही गाड्यांत लोअर बाहेर नसतोच, तो रिलीज बेअरिंगसोबत गिअरबॉक्सच्या आत बसलेला असतो. तिथे निप्पलच्या तपासणीपर्यंतच घरी करता येतं. निप्पल उघडल्यावर पेडल हलकं झालं, तर दोष आत आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागणारच.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल

हे काम नवशिक्याने एकट्याने करू नये. गिअरबॉक्स जड असतो आणि तो झुकताना बोटं अडकतात. पण गॅरेजमध्ये उभं राहून चार गोष्टी करून घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला. लोअर आत असेल तर तोही, कारण परत मजुरी कोण देणार? बेअरिंगच्या नळकांड्यावर बोट फिरवून बघा, खाच पडली असेल तर नवं बेअरिंगही अडकेल. फोर्कचा टेकू आणि नळकांडं यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावायला सांगा. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून गळतंय का तेही तेव्हाच बघा. आतली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू देऊ नका, ओल्या चिंधीने पुसायला लावा. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

हवा काढणे

नळी, अप्पर, लोअर यांपैकी काहीही उघडलं असेल तर हवा काढावी लागते. डब्बी भरा. पेडलवरच्या माणसाने तीन-चार वेळा सावकाश दाबायचं आणि शेवटी तळाशी धरून ठेवायचं. आमचा संवाद असा चालतो:

"धरला का?"

"धरला मामा."

मी निप्पल उघडतो, ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात, निप्पल बंद करतो.

"सोडू?"

"थांब. हं, आता सोड."

सगळं त्या 'थांब'मध्ये आहे. निप्पल बंद होण्याआधी पेडल सुटलं तर काढलेली हवा परत आत. दर चार-पाच फेऱ्यांनी डब्बी बघा. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. नळीत बुडबुडे यायचे थांबले आणि नवं स्वच्छ ऑइल यायला लागलं की झालं. हट्टी हवा निघतच नसेल तर उलट करा: सिरिंजमध्ये ऑइल भरून नळीने निप्पलमधून हळूहळू वर ढकला, हवा आपोआप वर डब्बीत जाते. आधी डब्बी अर्धी रिकामी करायला विसरू नका.

निप्पल जोर लावून आवळू नका, ते पोकळ असतं, मोडतं. बेताने घट्ट करा आणि टोपी घाला.

इंजिन सुरू करा, हँडब्रेक ओढलेला ठेवा, पेडल पूर्ण दाबून दोन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र न होता पडला पाहिजे. मग मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी पूर्ण तापवा आणि पेडल पुन्हा सावकाश व झटक्यात दाबून बघा. घरी आल्यावर डब्बीवर मार्करने ऑइलच्या पातळीची रेघ मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पातळी रेघेखाली गेली असेल तर आधी लोअरच्या टोपीत बोट घाला, ती कोरडी असेल तर ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट उचलून पेडलच्या दांडीला हात लावा; अप्पर गळत असेल तर ऑइल तिथूनच खाली उतरतं.